स्थानिक पालक

किशोर तुरंबेकरचं पत्र आलं तेव्हा मी माळ्यावरची पुस्तकं उन्हात मांडत होतो. पोस्टमन फाटकातून म्हणाला, "गुरव सर, आज बँकेचं नाही, माणसाचं पत्र आहे." मी ते उभ्याउभ्याच वाचलं, हातातल्या पुस्तकात ठेवलं, आणि संध्याकाळी पुस्तकाबरोबर तेही कपाटात गेलं. उत्तर दिलं नाही. तो सबंध उन्हाळा नाही, पावसाळा नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

"प्रिय श्रीपा," किशोरनं लिहिलं होतं, "मामांना यंदा नव्वद पूर्ण. गौरवग्रंथ काढतोय. समितीचा अध्यक्ष मी, कारण पळापळ करायला दुसरं कुणी तयार नाही. मामांच्या घरी राहून शिकलेल्यांत लिहिता असा तूच. दोन पानं पाठव. जुनं काही उकरू नकोस, कृतज्ञतेपुरतं लिही. मामा तुझी आठवण काढतात."

मामा म्हणजे किशोरचे मामा, प्राध्यापक दत्ताजीराव हेरेकर. विद्यापीठात इतिहास विभागाचे प्रमुख होते. विद्यापीठाचं नाव मी इथे घालत नाही. त्या दगडी इमारतीचा यात काही दोष नाही.

मी आयुष्यभर तालुक्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा घसा बसतो. आमच्या मालतीबाई म्हणतात, "यांना भांडायचं असलं तरी आधी कच्चं लिहून काढतील." तेच करतो आहे. तपशिलात कुठे चुकत असेन. राग मात्र मी अनेकदा तपासून पाहिला आहे, तो चुकीचा निघत नाही.

बी.ए. झालो त्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज घेऊन मी घरी आलो होतो. आईला लिहितावाचता येत नव्हतं, पण प्रत्येक रकाना तिनं मला मोठ्यानं वाचायला लावला. उत्पन्नाचा दाखला, चारित्र्याचा दाखला, गुणपत्रक. शेवटी आलं 'स्थानिक पालक'. शहरातल्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थांची सही हवी, आणि मुलाखतीच्या दिवशी त्यांनी स्वतः हजर राहायला हवं.

"आपलं तिथं कोण हाय?" आई म्हणाली.

"कुणी नाही."

"त्या पुस्तकवाल्या सरांचं नाव घाल की."

"त्यांना कसं विचारू?"

"पत्रं लिहितूस की त्यास्नी. माझ्यासंगं दोन शबूद बोलत न्हाईस, त्यास्नी पानंच्या पानं लिहितूस."

हे खरं होतं. हेरेकर सरांचं एक व्याख्यान आमच्या कॉलेजात झालं होतं. त्यातल्या एका संदर्भाबद्दल शंका विचारायला मी त्यांना पत्र घातलं, त्यांचं उत्तर आलं, आणि तेव्हापासून त्यांचं कार्ड आलं की मी ते दिवसभर खिशात घेऊन हिंडायचो.

आईला ती खोली माझ्यापेक्षाही जास्त हवी होती. माझे वडील तालुक्याच्या गावी एका वकिलांच्या सोप्यात राहून सातवी झाले होते. सोपा म्हणजे आमच्याकडे घराचा पुढचा भाग, येणाऱ्याजाणाऱ्याचा. तिथं झोपायचं, पाणी भरायचं, वकिलांच्या मुलांचे बूट पुसायचे, आणि मग शाळेला जायचं. पुढे ते मास्तर झाले, हेडमास्तर झाले, तरी वकिलांचा धाकटा मुलगा बाजारात दिसला की पायातली चप्पल काढून उभे राहायचे. आमच्या स्वतःच्या घरातसुद्धा पानावर बसण्याआधी विचारायचे, "सगळ्यांचं झालं का?" आणि बसायचे ते दाराशी, हाक आली तर लगेच उठता यावं असे. आई वैतागायची. "घर तुमचं हाय. आत सरका की." ते सरकत नसत. ते गेले तेव्हा मी अकरावीत होतो.

"तुझा बा दुसऱ्याच्या सोप्यात वाढला," आईनं त्या दिवशी अर्जावर बोट ठेवून सांगितलं. "तू आपल्या खोलीत ऱ्हा. ल्हान असू दे, अंधारी असू दे. कुणाचं नाव घ्याया लागू ने."

सरांना पत्र घातलं. मे महिन्यातच त्यांचं कार्ड आलं. 'निर्धास्त ये. मी आहे.'

मुलाखतीच्या सकाळी मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते. मला समोरच्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. मग विचारलं, "मोडी वाचता येते म्हणे तुला?"

"वडिलांनी शिकवली. देवळाच्या इनामाचे कागद होते आमच्याकडे."

त्यांनी टेबलावरचा एक कागद पुढे केला. "हे वाच बघू."

मी वाचलं. मध्ये एका ठिकाणी अडखळलो, मागे आलो, पुन्हा वाचलं. मान वर केली तेव्हा सरांचा झोपाळा थांबलेला होता.

"अस्सल आहेस," ते म्हणाले, आणि अर्जावर सही केली.

मी त्या सहीकडे बघत विद्यापीठापर्यंत चालत गेलो. सर स्कूटरवरून मागाहून येणार होते.

वसतिगृहाचे रेक्टर डॉ. पाटणे, वनस्पतिशास्त्राचे. टेबलामागे ते आणि आणखी दोन प्राध्यापक. पाटण्यांनी अर्ज चाळला.

"गुरव श्रीपती. पहिला वर्ग. गाव घाटावर. वडील नाहीत. म्हणजे तुला खोली द्यावीच लागणार. पालक कुठं आहेत?"

तेवढ्यात सर दारातून आत आले. तिघेही उठून उभे राहिले. सरांनी बसायची खूण केली, स्वतःही खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, "पाटणे, या मुलाला खोली देऊ नका."

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. अर्जात कुठेतरी चुकीची माहिती गेली असेल, सकाळी बोलताना काही वेडंवाकडं निघून गेलं असेल. मी भराभर आठवत राहिलो.

"का हो?" पाटणे म्हणाले.

"हा माझ्याकडे राहणार आहे. असलं पोर तुमच्या त्या रेडिओच्या आणि पत्त्यांच्या गोंगाटात कशाला टाकायचं? घरी राहील, जेवेल, अभ्यास करील. आणि तुमची एक खोली दुसऱ्या गरजूला मिळेल."

पाटण्यांच्या शेजारचे गृहस्थ भारावून म्हणाले, "असे प्राध्यापक आता राहिले नाहीत हो."

"काय रे गुरव?" पाटण्यांनी विचारलं. "ठीक ना?"

माझ्या मनात वाक्य तयार होतं. 'सर, मला खोलीच हवी आहे.' ते जिभेपर्यंत आलंही असेल. पण सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तिघेही इतक्या कौतुकानं माझ्याकडे बघत होते की खोली मागणं म्हणजे त्या सगळ्यांचा अपमान करणं झालं असतं.

"हो सर," मी म्हणालो.

"नशीब काढलंस," पाटणे म्हणाले, आणि त्यांनी माझ्या अर्जावर आडवी रेघ मारली.

सरांच्या घरी पुढच्या बाजूला बंद पडवी होती. रात्री तिथे स्कूटर उभी असे. स्कूटरच्या आणि भिंतीच्या मध्ये माझी खाट बसली. "वाऱ्याची जागा आहे," सर म्हणाले.

ते कधी आवाज चढवत नसत. "श्रीपती, सवड असली तर..." एवढंच म्हणत. सवड असली तर हे दोन कागद वाचून काढ. सवड असली तर बेबीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, शाळेत सोडून ये. परत येताना दळण तेवढं आण. सकाळी तासाला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर मी मोडी वाचायचो आणि सर लिहून घ्यायचे. त्यांचं इनामांवरचं पुस्तक चाललं होतं. कधी एखादा अवघड शब्द लागला की ते माझ्याकडे बघून हसत, आणि मला त्याचा आनंद होत असे, हेही सांगायला हवं.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी सुमतीबाई, कमी बोलत. पहिल्या दिवशी मी जेवताना पोळी नको म्हणालो तेव्हा त्यांनी पानात पोळी टाकलीच.

"लाजू नकोस. तू काही पहिला नाहीस. आमच्याकडे दरवर्षी एक जण असतोच. गेल्या वर्षीचा तर भात बघितला की सुटायचा."

"ते आता कुठे असतात?"

"कोण जाणे. जातात," काकू म्हणाल्या.

एके दिवशी संध्याकाळी मी दळणाचा डबा स्वयंपाकघरात ठेवला. आत पानं मांडलेली होती. माझं पान दाराशी होतं. ते रोजच तिथं असे, माझ्या लक्षात आलं नव्हतं इतकंच. मी हात धुतले, उंबऱ्यावर आलो, आणि माझ्या तोंडून निघालं, "सगळ्यांचं झालं का?"

आवाजसुद्धा वडिलांचाच होता. थोडा खालच्या पट्टीतला, जणू उत्तर नाही असं आलं तर परत फिरायची तयारी असलेला.

"बस की रे," काकू म्हणाल्या. "काय झालं?"

"काही नाही."

मी बसलो. काय जेवलो ते आठवत नाही.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, सरांचा भाचा किशोर जेवायला आला. त्याच वर्षी एम.ए.ला लागलेला, विषय दुसरा. दणकट, हसरा, आल्या आल्या मामीच्या खांद्यावर हात टाकणारा. पाटावर बसताबसताच त्याचं सुरू झालं.

"मामी, वाढा. मेसच्या आमटीत काल डाळ शोधायला माणूस उतरवला, अजून वर आलेला नाही."

"खोली कशी आहे?" काकूंनी विचारलं.

"झकास. एकट्याची. खिडकीतून सगळं माळरान दिसतं. खरं सांगायचं तर माझे मार्क बघून त्यांनी मला गोठ्यातसुद्धा जागा दिली नसती. पण मामा मेमध्येच म्हणाले होते, थांब, एक जागा निघेल. निघाली बघा."

"किशोर, जेवताना बोलू नये," सर म्हणाले.

"कुणीतरी ऐन मुलाखतीत सोडली म्हणे. कोण असेल हा येडा?"

काकू भात वाढत होत्या. डाव थांबवून त्या म्हणाल्या, "तुझ्यासमोरच बसलाय."

किशोरनं माझ्याकडे पाहिलं. मग मामांकडे. त्याचं हसू एकदम गेलं नाही, थोडं थोडं करत गेलं.

"ताक वाढ," सर म्हणाले.

मे महिना. 'निर्धास्त ये, मी आहे' हे कार्डही मे महिन्यातलंच. मला पाहिलं नव्हतं, मोडी ऐकली नव्हती, त्याआधीच जागा निघाली होती.

त्या संध्याकाळी सरांच्या खोलीत जाण्याआधी मी एका चिठ्ठीवर माझं वाक्य लिहून घेतलं. आत गेलो. टेबलावर अर्धा वाचून झालेला कागद होता.

"बस," सर म्हणाले.

"उभाच बरा आहे." मी चिठ्ठी बघून वाचलं. "सर, किशोरला घरी ठेवून मला वसतिगृहात का जाऊ दिलं नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "अच्छा. हे डोक्यात आहे होय. अरे, किशोर घरात राहिला तर बिघडेल. त्याला बाहेरची शिस्त हवी. तू घरात ठेवण्याजोगा मुलगा आहेस. मी तुझं कौतुकच केलं."

दाराशी काकू उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते कळलं नव्हतं. "खरं काय ते सांगा की त्याला," त्या म्हणाल्या. "किशोरला दळण सांगता येतं का?"

"सुमती, आत जा."

काकू गेल्या नाहीत. सरांनी त्यांच्याकडे पाठ केली.

"श्रीपती, समितीपुढे तुला विचारलं होतं ना? हो कोण म्हणालं?"

"मी."

"मग तुझ्यावर अन्याय कुणी केला?"

चिठ्ठीत याचं उत्तर नव्हतं. आज पन्नास वर्षांनी माझ्याकडे त्याची निदान चार उत्तरं आहेत, एकाहून एक चांगली. तेव्हा मी चिठ्ठीची घडी करत राहिलो.

"मी जातो, सर," एवढंच म्हणालो.

"जा. मी कुणाला बांधून ठेवत नाही." ते हळुवारपणे बोलत होते. "फक्त लक्षात ठेव, उपकाराची जाण असलेली मुलं पुढे जातात. विभागात शेवटी गाठ माझ्याशीच आहे." मग टेबलाकडे बोट करून म्हणाले, "तेवढा कागद पुरा करून जा."

आणि मी खाली बसलो. उरलेल्या ओळी वाचून दिल्या. एक शब्द लागत नव्हता, तोही दिव्याजवळ धरून लावून दिला. मग ट्रंक आणि वळकटी उचलली. सरांचा मला जितका राग येतो तितकाच त्या उरलेल्या ओळींचा येतो.

पाटणे वसतिगृहाच्या आवारातच राहत. त्यांनी दारातूनच ऐकून घेतलं.

"सरांचं घर सोडून आलास? वेडा आहेस का?"

"मला खोली हवी होती, सर. पहिल्यापासून."

"मग तेव्हा बोलायचं. आता वाटप झालं." माझ्या ट्रंकेकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "तिथे काही गडबड तर केली नाहीस ना? चोरीबिरी?"

त्यांना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा 'नाही सर' म्हणालो असेन. तिथून मी किशोरची खोली विचारत विचारत वर गेलो. तिकडे जा असं कुणी सांगितलं नव्हतं, पाय आपणच निघाले होते.

किशोर खाटेवर आडवा पडून नखं कापत होता. मी न विचारता आत गेलो आणि ट्रंक जमिनीवर ठेवली.

"ही खोली माझी आहे," मी म्हणालो.

तो उठून बसला. "हे बघ, आईशप्पत, मला माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं."

"झालं." त्यानं डोकं खाजवलं. "पण नाव माझं लागलंय, आता ते निघत नाही. एक काम कर. राहा इथंच. पॅरासाइट म्हणून."

खोली न मिळालेला मुलगा दुसऱ्याच्या खोलीत चोरून राहिला की त्याला वसतिगृहात पॅरासाइट म्हणत. प्रत्येक मजल्यावर असे काही असत. तपासणी आली की ते गच्चीवर जात.

"पॅरासाइट तू आहेस," मी म्हणालो.

कुणाला तोंडावर असं काही बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ. किशोर मोठ्यानं हसला.

"बोलतोस की. मामा म्हणत होते मुका आहे. खाली झोपशील?"

"झोपेन."

"मग एक थँक्यू तरी म्हण, गड्या."

"नाही."

"का रे?"

"खोली माझी आहे."

"आडमुठा आहेस," तो म्हणाला, आणि त्यानं आपली एक उशी माझ्या अंगावर फेकली.

दोन वर्षं मी त्या जमिनीवर झोपलो. तपासणीला गच्चीवर टाकीच्या आडोशाला पुस्तक घेऊन बसलो. अधूनमधून किशोर विचारायचा, "काय श्रीपा, आज तरी म्हणतोस का?" त्याला ती गंमत होती. एकदा आई न कळवता खोली बघायला आली. मी जमिनीवरची वळकटी सारायला धावलो, पण त्याआधीच किशोर खाटेवरून उठला, चादर झटकली आणि म्हणाला, "बसा आई, श्रीपाचीच खोली आहे. मी पॅरासाइट." आई खाटेवर बसली, खिडकीतून माळ बघितला, आणि जाताना तिनं किशोरच्या गालावरून हात फिरवला. "दुसऱ्याच्या आसऱ्याला ऱ्हातूस, जपून ऱ्हा बाबा," त्यालाच म्हणाली. तो गंभीर चेहऱ्यानं हो म्हणाला.

त्या दिवशीही मी त्याला थँक्यू म्हणालो नाही.

विभागात सरांनी माझ्याशी कधी वाकडं वर्तन केलं नाही. फक्त पुढच्या संशोधनासाठी मार्गदर्शक म्हणून त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "तुझा स्वभाव संशोधनाला पोषक नाही." म्हणून मी ग्रंथपाल झालो. त्यांचं इनामांवरचं पुस्तक आमच्या कॉलेजात आलं तेव्हा मीच त्याच्यावर क्रमांक चिकटवला.

मग ती गोष्ट वाढू लागली. आधी एका मुलाखतीत सर म्हणाले, एका गरीब विद्यार्थ्याला काही काळ घरी ठेवलं होतं. पुढे काही काळाचं वर्ष झालं. पुढे दोन वर्षं झाली, पोटच्या पोरासारखा झाला, नावानिशी झाला. एका लग्नात कुणी अनोळखी गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "हेरेकर सरांच्या घरचे ना तुम्ही? केवढं भाग्य." मी हो म्हणालो असेन. नाही म्हणायला निदान अर्धा तास लागला असता, आणि पंगत बसत होती.

गेल्या महिन्यात कुरियरनं गौरवग्रंथ आला. जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. मी अनुक्रमणिका बघितली, सवयीनं. मध्यावर एक लेख होता, 'माझं दुसरं घर'. लेखक श्रीपती गुरव.

पान उघडलं. कॉलेजच्या कुठल्याशा कार्यक्रमातला माझा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'काकू आईच्या मायेनं वाढत. सर म्हणत, पोटभर जेव रे. त्या घरातली ती दोन वर्षं नसती तर मी आज कुठे असतो?'

आत किशोरची चिठ्ठी. "तू लिहिलं नाहीस, मग मीच लिहून टाकलं. तुझी शैली जमलीय का सांग. प्रकाशन पुढच्या महिन्यात. तुझाही सत्कार ठेवलाय, ये."

मालतीनं पुस्तक हातातून काढून घेतलं, चष्मा लावला, लेख शेवटपर्यंत वाचला.

"तुम्ही लिहिलंत?"

"नाही."

"मला वाटलंच. यात एकही 'कदाचित' नाही." मग पुस्तक मिटत म्हणाली, "नव्वदीचं माणूस आहे. द्या सोडून."

"ते सोडतायत का?"

मी टेबलाशी बसलो. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात मी सरांच्या पांडित्याचं कौतुक केलं होतं आणि गैरसमज झाल्याची शक्यता मान्य केली होती. तो फाडला. दुसऱ्यात पाटण्यांपासून सगळ्यांना उत्तरं दिली होती. मालतीनं तो वाचला आणि परत दिला.

"एवढं कोण वाचणार?" ती म्हणाली. "काय हवंय तेवढं लिहा."

तिसरा मसुदा मी तिला दाखवला नाही.

"प्रिय किशोर, तुझं पत्र दोन वर्षांपूर्वी मिळालं, त्याचं हे उत्तर. 'माझं दुसरं घर' हा लेख माझा नाही आणि त्यातलं एक वाक्यही खरं नाही. मी मामांच्या घरी एक महिनाही राहिलो नव्हतो, आणि जे थोडे दिवस राहिलो ते का, हे तुला ठाऊक आहे. हे पत्र प्रकाशनाच्या वेळी व्यासपीठावरून वाचून दाखव. तू वाचणार नसशील तर कळव, मी येऊन वाचीन. मला वाचता येतं. माझ्या आईशी तू चांगला वागलास, ते मी विसरलेलो नाही. पण ज्या एका शब्दासाठी तू दोन वर्षं माझ्या मागे होतास, तो आजही पाठवत नाही. खोली माझी होती."

पोस्टात खिडकीपलीकडे एक मुलगी होती. पाकीट उलटसुलट बघून तिनं विचारलं, "साधंच टाकायचं का, आजोबा?"

"रजिस्टर."

"पोचपावती जोडू?"

"जोडा," मी म्हणालो. माझा आवाज मागच्या बाकावरच्या माणसांनाही ऐकू गेला असावा, कारण त्यांनी वळून पाहिलं. तिनं पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पिशवीत टाकलं.